पोरांना गोष्ट दाखवायची, सांगायची का त्यांच्याकडनं करून घ्यायची?

खडूवाला_मास्तर
राम राम मंडळी. करवीर तालुक्यात झेडपी शाळेत चौथीला शिकवतोय. गेल्या हंगामात एक उद्योग केला, त्यावरनं गावात बी आणि आमच्या स्टाफरूममधे बी दोन तट पडलेत म्हणून इथं टाकतोय. पोरांना घेऊन गुऱ्हाळावर गेलो, सोबत शाळेचा एकच टॅब आणि माझा मोबाईल. पोरांनी फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटोला आपल्या आवाजात दोन-तीन वाक्यं बोलायची, एवढंच सांगितलं होतं. चरकातनं रस, काहिलीत उकळी, रानभेंडीचा चिकट रस टाकून मळी वर काढायची, काकवी, मग वाफ्यात ओतायचं, हे सगळं पोरांनी लावून चार मिनिटांची गोष्ट केली. आमच्या वर्गात एक पोरगा हाय, वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. त्याचा बाप तिथंच जळव्या, चुलवाणात चिपाडं घालायचं काम. त्या पोरानं जाळ कधी कमी करायचा ते असं सांगितलं की मीच गप्प झालो. माझं म्हणणं एवढंच, यूट्यूब लावून पोरं बसवायची म्हणजे डिजिटल शिक्षण न्हवं, पोरांनी स्वतः गोष्ट करायला पाहिजे. हाणा आता.

पेठेतला_काका
मास्तर, राग मानू नका पण इथं आईबाप पोरांच्या हातातला मोबाईल काढायला धडपडायलेत आणि तुम्ही शाळेतच द्यायला लागलाय. आमच्या आजीनं लाईट गेल्यावर कंदिलाच्या उजेडात गोष्टी सांगितल्या, त्यात कुठलं ॲप होतं? डब्ल्यूएचओनं 2019 सालीच सांगितलंय लहान पोरांना दिवसाला तासाच्या वर स्क्रीन नको.

राजारामपुरीची_आई
काका, ते दोन ते चार वर्षांच्या पोरांसाठी हाय हो. चौथीचं पोरगं नऊ-दहा वर्षांचं असतं. पण तुमच्या बाजूनं एक सांगते. माझा सात वर्षांचा हाय, त्यानं पावनखिंडीचा कुठला तरी एआयनं केलेला व्हिडिओ बघितला, त्यात कडक ऊन आणि पन्हाळा म्हणून राजस्थानी महालासारखं काहीतरी संगमरवरी! महाराज पन्हाळ्यावरनं निघाले ते जुलै 1660, भर पावसातली रात्र. मी मुद्दाम पावसाळ्यात गडावर घेऊन गेले, धुकं एवढं की दहा पावलांवरचं दिसत नव्हतं, आणि हा म्हणतोय काय, "आई, हा खरा पन्हाळा न्हाई, व्हिडिओत असा नव्हता." आता बोला. चिखल, निसरडं, अंधार हेच तर त्या गोष्टीतलं असतंय, ते काढलं की राहतंय काय?

खडूवाला_मास्तर
ताई, हेच तर मी म्हणतोय! तोच पोरगा पन्हाळ्यावर स्वतः फोटो काढून बोलला असता तर त्याच्या गोष्टीत धुकंच आलं असतं की.

वर्ग_दोन_शिक्षक_एक
सर, मी बी झेडपीतच, राधानगरीकडं. एक सरळ विचारते, ते चार मिनिटांचं एडिटिंग कुणी केलं? पोरांनी का तुम्ही रात्री अकरापर्यंत बसून? आमच्याकडं पहिली-दुसरी एकत्र, मी एकटी, रेंज यायची तर पाण्याच्या टाकीजवळ. वरनं मागणी एकच, फोटो टाका, लिंक टाका. पोरगं शिकलं का ते कोण विचारत न्हाई, व्हिडिओ ग्रुपवर आला का ते विचारतात. आणि पोरांचे चेहरे गावभर फिरतात, आईबापाला विचारलं होतं का?

खडूवाला_मास्तर
मॅडम, खरं सांगतो. एडिटिंग मीच केलं, तीन रात्री गेल्या. परवानगी तोंडी घेतलेली, ती बी सगळ्यांची न्हाई. हे चुकलंच.

पेठेतला_काका
बघा! म्हणजे गोष्ट मास्तरांची, आवाज तेवढा पोरांचा 😀

निवृत्त_हेडसर
मास्तरांनी मला तो व्हिडिओ पाठवला होता. कौतुक आहेच, पण त्यात एक मुलगी म्हणते "मी काकवी चाटलो". हे तसंच का ठेवलं? शाळेनं प्रमाण भाषा शिकवायची की चूक रेकॉर्ड करून ठेवायची?

राजारामपुरीची_आई
सर, आमच्या कोल्हापुरात बाया "मी आलो, मी खाल्लो" असंच बोलतात, माझी सासू अजून बोलते, तिला तुम्ही चूक म्हणणार? लिहिताना "चाटली" शिकवा की, नको कोण म्हणतंय. पण मोबाईलवरच्या सगळ्या गोष्टी एका साच्यातल्या गुळगुळीत मराठीत असतात, आमच्या पोरांना वाटतं गोष्ट सांगायची तर आधी आवाज बदलायला पाहिजे. ती पोरगी न बदलता बोलली, मला तर ते लई भारी वाटलं.

कलापूरकर
अरे कोल्हापूरच्या माणसांनी कॅमेऱ्याला घाबरायचं म्हणजे कमालच हाय. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा बनवला, 1920 ला सैरंध्री सिनेमा काढला, 1929 ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली. आणि घाट उतरून कोकणात पिंगुळीला जावा, ठाकर लोक चित्रं समोर धरून रामायण-महाभारत सांगतात, पिढ्यान्‌पिढ्या, त्याला चित्रकथी म्हणतात. चित्र आणि आवाज जोडून गोष्ट सांगायची तर टॅबनं नवीन काय आणलं?

पेठेतला_काका
चित्रकथी मी बघितलाय. तिथं चित्रामागं माणूस बसलेला असतोय. पोरगं पेंगायला लागलं की आवाज चढवतो, मधेच थांबून विचारतो, घाबरलं तर गोष्ट जरा वळवून घेतो. तुमचा टॅब वळवतो का? त्याला कळतंय तरी का पोरगं झोपलंय म्हणून?

वर्ग_दोन_शिक्षक_एक
काका, हे शंभर टक्के पटलं. मी स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरची मराठी पुस्तकं, बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक मोबाईलवर उघडते, पण वाचते मीच. स्क्रीन पोरांकडं नसतीच मुळी. नेट नसलं तर आदल्या दिवशी उतरवून ठेवायचं. तीन रात्री जागायची गरज न्हाई.

खडूवाला_मास्तर
मॅडम, तुमचं वाचणं बरोबरच, पण त्यात माझा तो जळव्याचा पोरगा बोलला असता का, यावर मी अडून बसणार. पुढच्या हंगामात व्हिडिओ बंद, चेहरे बंद, नुसता आवाज. एडिटिंग अजिबात न्हाई, अडखळलं तर अडखळलं. आणि ग्रुपवर टाकायचं न्हाई, वर्गातच ऐकायचं.

पेठेतला_काका
हां, हे चालंल. पण मास्तर, एवढी चर्चा झाली आणि जाळ कधी कमी करायचा ते सांगितलंच न्हाई तुम्ही.

खडूवाला_मास्तर
पोराच्या शब्दात सांगतो. "फेस वर येऊन परत खाली बसाय लागला की गुळव्या पाक गार पाण्यात टाकून बघतोय. गोळी झाली की तो बाबाकडं बघतोय, बोलत न्हाई. मग बाबा चिपाडं घालायची थांबवतोय."

पेठेतला_काका
बोलत न्हाई व्हय! त्या पोराला म्हणावं पेठेतनं एक काका ऐकायला येणार हाय.