ग्लोव्हज घातल्यावर शीर नीट लागत नाही, अंगठाही दुखतो

प्रश्न
मी परिचारिका आहे. लेटेक्स (नैसर्गिक रबर) सोडून नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) ग्लोव्हज वापरू लागल्यापासून सलाईन लावताना बारीक शीर बोटाला पूर्वीसारखी लागत नाही आणि ड्यूटी संपेपर्यंत अंगठ्याच्या बुडाशी हात भरून येतो. माझ्या एक सहकारी शीर शोधण्यासाठी ग्लोव्हजचे तर्जनीवरचे टोक फाडतात. हे योग्य आहे का?

प्रतिसाद १
टोक फाडणे कृपया टाळावे, कारण सुईच्या सर्वांत जवळ असणारे बोटच त्यामुळे उघडे पडते. हात स्वच्छ करून, त्वचा अखंड असताना, शीर आधी उघड्या बोटाने चाचपावी. मग ग्लोव्हज घालून जागा निर्जंतुक करावी आणि त्या जागेला पुन्हा बोट लावू नये.

अंगठ्याच्या दुखण्यामागे बहुधा माप असावे. नायट्राइल लेटेक्सपेक्षा कमी ताणले जाते, त्यामुळे ग्लोव्हज लहान असले तर अंगठा बाहेर नेताना प्रत्येक वेळी त्याच्या बुडाच्या स्नायूंना तो ताण ओढावा लागतो. मोठे घेतले तर बोटांच्या टोकांशी चुण्या पडतात आणि स्पर्श आणखी बोथट होतो. मूठ वळून पाहा: अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात ग्लोव्हजचा पडदा ताणून पांढरट दिसला, तर एक माप वर जावे.

प्रतिसाद २
मी शस्त्रक्रिया विभागात काम करतो. आमचे ग्लोव्हज साडेपाचपासून नऊपर्यंत अर्ध्या-अर्ध्या मापाने मिळतात, तर तुम्ही वापरता तसे तपासणीचे ग्लोव्हज बहुधा लहान, मध्यम आणि मोठे एवढ्याच मापांत येतात. म्हणून तुमची अडचण मला अगदी खरी वाटते. दोन जोड एकावर एक घालताना मी आतला अर्ध्या मापाने मोठा घेतो. सुरुवातीला गाठ मारताना धागा बोटांना कळत नसे, पण सवयीने ते जमले. आतला जोड गडद रंगाचा असला, तर बाहेरच्याला छिद्र पडून ओल आत गेल्यावर तिथे गडद डाग दिसतो.

प्रश्नकर्ती
मूठ वळून पाहिली, बेचक्यातला पडदा खरोखरच पांढरट दिसतो. मोठे माप मागवते. बोटांमध्ये खाजही येते, तिचे काय करावे?

प्रतिसाद ३
हात स्वच्छ करण्याचे अल्कोहोलचे द्रावण पूर्ण वाळण्याआधी ग्लोव्हज चढवले, तर ओल आत कोंडून त्वचा चुरचुरते, म्हणून ते आधी पूर्ण वाळू द्यावे. तेवढ्याने खाज थांबली नाही आणि एक-दोन दिवसांनी नेमके ग्लोव्हजखालीच पुरळ उठले, तर रबर पक्के करताना वापरलेल्या रसायनांची ॲलर्जी असू शकते, आणि ती नायट्राइलनेही होते. त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी तपासण्याची चाचणी) करून घ्यावी.