ऑनलाइन बाजारातून वेगळा कपडा कसा शोधावा: अनुभव धागा

मंडळी, गोव्यात चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की फुगडी पथकं, नाट्यमंडळं, पूजेचे यजमान सगळेच कपड्यांमागे लागतात. म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानांत नेहमीचं सगळं मिळतं. कुणबी साडी, पानो भाजू (मांडो नाचताना बायका घालतात तो पोशाख), पगडी, सोवळ्याचा कद (पूजेला नेसायचं रेशमी वस्त्र) असं काही हवं असलं की मात्र ऑनलाइन शोध सुरू होतो. नेमकं काय टाइप करता, फोटोत काय बघता आणि विक्रेत्याला काय विचारता ते लिहा. मापं आणि पायऱ्या दिल्यात तर इतरांना उपयोग होईल.

केपेकरीण

कुणबी साडीपासून सुरुवात करते. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी फॅशनच्या मंचावर नेली आणि तिला मागणी वाढली. आता नुसतं 'कुणबी साडी' शोधलं तर लाल-पांढऱ्या चौकडीचं काहीही समोर येतं. त्यात बंगालकडच्या गमछा साड्या असतात आणि मलमलवर छापलेल्या चौकड्याही असतात. गमछा साडी चांगली असते, पण ती कुणबी नव्हे.

विक्रेत्याकडे दोन फोटो मागा. एक पदर उलटा करून मागच्या बाजूचा, दुसरा काठाचा अगदी जवळून. विणलेली चौकडी दोन्ही बाजूंनी सारखीच गडद दिसते, छापलेली मागून फिकी पडते. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीला टाचण्या असतात, त्यांची बारीक भोकं काठालगत ओळीने दिसतात. ती दिसली नाहीत तर 'हातमाग' या शब्दावर विसंबू नका.

नृत्यासाठी घेणाऱ्यांनी पन्हाही (कापडाची रुंदी) विचारावा. जुनं कुणबी कापड आखूड, गुडघ्याच्या जरा खाली येणारं आणि खांद्यावर गाठ मारून नेसायचं. हल्लीच्या साडीचा पन्हा ४५ ते ४८ इंच असतो, म्हणजे ती घोट्यापर्यंत येते. ती जुन्यासारखी आखूड नेसायची तर कमरेशी बरीच दुमड घालावी लागते, आणि सूत जाड असेल तर तिथे गोळा होऊन नाचताना सुटतो. साडी धुवून मगच नेसायचा सराव करा, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं.

मांडोप्रेमी, मडगाव

पानो भाजू या नावाने तयार जोड क्वचितच मिळतो. तुकडे वेगवेगळे शोधावेत: जरीकाम केलेला मखमली सैल ब्लाउज, गुंडाळायचा लांब पानो आणि खांद्यावरचा तुवालो. 'सारोंग केबाया' असं शोधून पाहा. मलाय-इंडोनेशियाकडचा तो पोशाख याच्या जवळचा आहे, त्यामुळे काप समजतो आणि फोटो दाखवून इथल्या शिंप्याकडून शिवून घेता येतो. बहुतेकांना हाच मार्ग परवडेल.

एट्सी या परदेशी विक्रीच्या साइटवर 'व्हिंटेज' म्हणजे किमान २० वर्षं जुनी वस्तू. तसा वापरलेला कपडा परदेशातून मागवायचा मोह आवरा. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत आणि पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं.

फुगडी पथक, फोंडा

आमच्यासारख्यांना एकाच रंगाच्या दहा-बारा नऊवारी लागतात. पहिली अडचण शोधशब्दाची. रोमन लिपीत कोणी 'व्ही' घालून लिहितो, कोणी 'डब्ल्यू', कोणी आकडा टाकून '९ यार्ड', तर कोणी नुसतंच 'काष्टा साडी'. प्रत्येक तऱ्हेने वेगळा शोध घ्या, निकाल वेगळे येतात.

दुसरी अडचण लांबीची. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. तपशिलात ५.५ किंवा ६.३ मीटर लिहिलं असेल तर ती सहावारीच आहे, मॉडेलने कशीही नेसलेली असो. शिवलेली नऊवारी स्वस्त दिसते ती पुष्कळदा याच कारणाने. कापड कमी, म्हणून निऱ्या कमी आणि पायांत घेर कमी. फोटोत पुढच्या निऱ्या मोजा.

शिवलेली घेताना कंबर, सीट आणि उंची एवढ्यावर भागत नाही, आसन विचारायलाच हवं. सपाट स्टुलावर बसून कमरेपासून स्टुलापर्यंत बाजूने माप घ्यायचं आणि त्यात दोन-अडीच इंच वाढवायचे. आसन कमी पडलं तर बैठ्या फुगडीत शिवण उसवते, आणि ती नेमकी मागून उसवते. आतल्या शिवणीत किती कापड सोडलंय तेही विचारा. एक इंच असेल तर शिंपी ती सैल करू शकतो.

सगळ्या साड्या एकाच ऑर्डरमध्ये मागवा आणि 'एकाच लॉटच्या पाठवा' असं लेखी कळवा. नंतर वाढवलेल्या साडीचा रंग स्टेजच्या दिव्यांत हमखास वेगळा दिसतो. एक जादा घ्यावी.

रंगपट, पेडणे

पगडीचं थोडक्यात. कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या वरून डोक्याचा घेर घ्या, मोठ्या माणसाचा साधारण २२-२३ इंच भरतो. 'फ्री साइज' लिहिलेली बांधीव पगडी ताणली जात नाही. सैल असेल तर आत स्पंजची पट्टी चिकटवून बसते, घट्ट असेल तर काहीच करता येत नाही. शंका असेल तिथे मोठी घ्या. 'फॅन्सी ड्रेस' विभागातल्या पगड्या पुष्कळदा मुलांच्या मापाच्या असतात.

सोवळं, डिचोली

कदासाठी: 'आर्ट सिल्क', 'सेमी सिल्क', 'सिल्क ब्लेंड' यांतलं काहीही शुद्ध रेशीम नाही. शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल मागा. त्यावर होलोग्राम आणि क्रमांक असतो, तो फोटोत वाचता आला पाहिजे. कद हाती आल्यावर दशीचे (काठाच्या सुट्या धाग्यांतले) दोन धागे चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. ही परीक्षा परतीची मुदत संपण्याआधी करा आणि लेबल तोवर काढू नका.

केपेकरीण

@फोंडा, रंगाबद्दल भर घालते. दुकानातल्या दिव्यांखाली काढलेल्या फोटोत लाल रंग केशरी दिसतो. दिवसाउजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून काढलेला फोटो मागायचा. कागद पिवळट दिसला तर साडीचा रंगही तेवढाच फसवा आहे.

शोधक, पणजी

तोच फोटो चार विक्रेत्यांकडे चार किमतींना दिसला तर गूगल लेन्सने तपासा. तो फोटो कॅटलॉगचा असतो, माल कोणता येईल सांगता येत नाही. कपड्यावर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो पाठवायला सांगा. ज्याच्याकडे माल आहे तो लगेच पाठवतो.

ईबेवर नको त्या शब्दाआधी वजा चिन्ह लावलं की तो गाळला जातो. आपल्याकडच्या ॲपवर याचा भरवसा नाही, तिथे कापडाचा प्रकार आणि किमतीचे फिल्टर लावा. 'कमी किंमत आधी' ही मांडणी टाळा, वरची सगळी पानं छापील मालाने भरतात.

पावसाळ्यात मागवताना आत प्लास्टिकचं वेष्टन घालायला सांगा. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ पत्त्याच्या चिठ्ठीपासून अखंड काढा, मधे तोडला तर तक्रार मान्य होईलच असं नाही. ओलसर आलेली जरीची साडी घडी मोडून सावलीत, पंख्याखाली वाळवा. कपाटात ठेवताना सुती कापडात गुंडाळा आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.