निवृत्तीनंतर वजन उतरले, पण पायांतले बळही गेले: व्यायामात काय बदल करावा?

धागाकर्ता:
सप्रेम नमस्कार. वयाच्या ५८ व्या वर्षी राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो, तेव्हा माझे वजन ८४ किलो आणि उंची १६८ सेंटीमीटर होती. लगेच रोज पहाटे पर्वती चढायला सुरुवात केली आणि रात्रीचे जेवण सोडून फक्त फळांवर राहू लागलो. दोन महिन्यांत पाच किलो उतरले, त्याचे समाधानही वाटले. परंतु गेल्या आठवड्यात सत्यनारायणाच्या पूजेला पाटावरून उठताना सुनेचा हात धरावा लागला. पर्वती उतरताना उजवा गुडघाही दुखतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मधुमेह नाही. अजून सात-आठ किलो कमी करायचे आहेत, तरी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद:
पाटावरून उठता न येणे ही गोष्ट कृपया किरकोळ समजू नका. मी ६६ वर्षांचा आहे आणि याच चुकीतून गेलो आहे. पोटाला चिमटा काढून वजन उतरवले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, वयामुळे ते आधीच घटत असतात, आणि वजनकाटा मात्र हा फरक दाखवत नाही.

मला फिजिओथेरपिस्टने पहिला व्यायाम दिला तो खुर्चीचा. न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर घ्यावेत आणि सावकाश उठून तितक्याच सावकाश बसावे. खाली येताना धपकन बसू नये, कारण मांड्यांचे खरे काम तिथेच होते. उठताना श्वास सोडावा, रोखून धरू नये; आपल्याला रक्तदाब असल्याने हे विशेष सांभाळावे. जमेल तितक्या वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड करावे. जोडीला भिंतीवरचे दंड आणि ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे पुरेसे आहे. जिम नंतर पाहता येईल. गुडघा शांत होईपर्यंत पर्वतीच्या पायऱ्या थांबवून खाली सारसबागेत सपाटीवर चालावे. आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चाललात तरी चालेल. गुडघ्यावर सूज असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा प्रतिसाद:
दादा, मी आहाराविषयी लिहिते. फळांतून प्रथिने जवळजवळ मिळतच नाहीत. दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम हे भारतीय प्रमाण धरले, तरी आपल्याला रोज सुमारे ६५ ग्रॅम प्रथिने लागतात आणि वाटीभर वरणातून त्यातली पाच-सहा ग्रॅमच येतात. म्हणून रात्रीचे जेवण बंद न करता लवकर घ्यावे: मोड आलेल्या मुगाची उसळ, दही, एक भाकरी, भाजी, चालत असतील तर अंडी. कपात करायचीच असेल तर चहाच्या साखरेत करावी. निवृत्तीनंतर आमच्या घरी दुपारचे चहा वाढले होते. चार कपांत प्रत्येकी दोन चमचे म्हणजे जवळपास ४० ग्रॅम साखर, अर्थात १६० कॅलरी, आणि सोबतची खारी वेगळी.

वजनाबरोबर कंबरही मोजत जा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ती ९० सेंटीमीटरच्या आत असावी असे मानतात. वजन उतरले की रक्तदाबही उतरू शकतो, त्यामुळे उभे राहताना अंधारी येत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. गोळी मात्र आपल्या मनाने कमी करू नका.

धागाकर्ता:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. वजनाचाच ध्यास घेतल्यामुळे स्नायूंचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. आज सकाळी खुर्चीचा व्यायाम करून पाहिला. हात न टेकता सहा वेळा उठता आले, सातव्या वेळी मांड्या थरथरू लागल्या, म्हणून थांबलो. रात्री मुगाची उसळ आहे. एक दिवसाआड हेच चालू ठेवतो आणि महिन्याने कंबरेच्या मापासह इथेच कळवतो.