चर्चा : किनाऱ्यावर पाण्याच्या तपासणीचा आकडा रोज लावावा की नाही?

धरमपेठी : दिवाळी झाली की नागपुरातून गाड्या भरभरून कोकण-गोव्याला निघतात. समुद्र वर्षातून एकदाच दिसतो, त्यामुळे पोरं दिवसभर पाण्यातून निघत नाहीत. 'खोल पाण्यात जाऊ नये' हा बोर्ड असतो, पण पाणी कसं आहे हे बहुतेक ठिकाणी कळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार पोहण्याच्या समुद्रात १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू, १०० च्या वर नकोत. मग हा आकडा रोज फलकावर लिहायला काय जातं?

लॅबवाली ताई : वेळ जातो. निर्जंतुक बाटली घेऊन कमरेएवढ्या पाण्यात जायचं, फूटभर खाली बाटली भरायची, बर्फाच्या पेटीत ठेवून सहा तासांत प्रयोगशाळा गाठायची. तिथे पाणी लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, द्रावणाच्या नळ्यांमध्ये घालतात. प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उलटी ठेवलेली असते. जंतू वाढले की तिच्यात वायूचा बुडबुडा अडकतो. मग ४४.५ अंशांवर खात्रीची चाचणी. सोमवारच्या पाण्याचा निकाल बुधवार-गुरुवारी येतो, तोवर कितीतरी भरत्या-ओहोट्या होऊन गेलेल्या असतात. शिवाय उन्हाने जंतू मरतात, म्हणून सकाळचा आणि दुपारचा आकडासुद्धा जुळत नाही. असा शिळा आकडा वाचून लोक बिनधास्त उतरतील, ते जास्त वाईट.

धरमपेठी : म्हणजे काहीच लावायचं नाही? पुरीचा गोल्डन बीच २०२० पासून ब्लू फ्लॅगवाला आहे, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेला. ब्लू फ्लॅग हवा तर पाण्याची माहिती लावावीच लागते.

रेशीमबागवाला : ताई, आकडा नको तर दर्जा लावा ना. युरोपात २००६ च्या नियमांनुसार साधारण चार हंगामांचे नमुने एकत्र धरून किनाऱ्याला उत्कृष्ट, चांगला, पुरेसा किंवा निकृष्ट ठरवतात. सलग पाच वर्षं निकृष्ट आला तर तिथे पोहणं कायमचं बंद, नाहीतर उतरू नका असा कायमचा इशारा. याला शिळा कसं म्हणणार?

लॅबवाली ताई : हे मान्य. पण जोडीला पावसाचा इशारा हवाच. जोराच्या पावसाने गटारं-नाले थेट किनाऱ्यावर येतात. पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये सीन नदीची रोज तपासणी व्हायची, तरी पावसानंतर पुरुषांची ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत) एक दिवस पुढे ढकलावी लागली.

हाटेलवाल्याचा जावई : आमच्या सासरच्या गावी 'निकृष्ट' लिहून दाखवा! घाण सोडते वरची वस्ती, गिऱ्हाईक तुटणार आमचं. आधी सांडपाण्याचं बघा, मग बोर्ड रंगवा.

रेशीमबागवाला : बोर्ड लागल्याशिवाय सांडपाण्याकडे बघणार कोण? तुमच्या सासऱ्यांनीच मागणी केली पाहिजे.

सक्करदऱ्याचा गण्या : काऊन भाऊ, समुद्राचं काय घेऊन बसले? नीरी, म्हणजे पर्यावरणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, आपल्या नागपुरात १९५८ पासून आहे. फुटाळ्यावर, अंबाझरीवर असा बोर्ड पायला काय कोणी? तलावाच्या आंघोळीच्या पाण्याले एकूण कोलिफॉर्म ५०० ची मर्यादा आहे म्हणते. आधी घरचं मोजा ना बाप्पा!

धरमपेठी : गण्याभाऊ, तलावासाठी वेगळा धागा काढा, मी येतो. इथे माझं म्हणणं बदललं : रोजचा आकडा नको, वर्षाचा दर्जा पाहिजे आणि जोराच्या पावसानंतर दोन दिवस लाल झेंडा.

हाटेलवाल्याचा जावई : लाल झेंडा चालेल. दर्जाचं मात्र सासऱ्यांना तुम्हीच सांगा.