मदत हवी आहे: नवीन ईसीयूवर टायमिंग सरकतंय

मंडळी, गाडी 1990 ची माझदा मियाटा, 1.6 इंजिन, मॅन्युअल. मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) काढून प्रोग्रॅम करता येणारा बसवलाय. झडपवाला एअरफ्लो मीटर गेला (सुटलो एकदाचा!), त्याजागी मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर.

आता अडलंय ते असं: इग्निशन (ठिणगी पडायची वेळ, म्हणजेच टायमिंग) 10 अंशांवर लॉक करून टायमिंग लाइट मारला, तर आयडलला पुलीवरची खूण तंतोतंत जुळते. आरपीएम चढवले की मात्र हळूहळू मागे सरकायला लागते. इंजिनाची स्थिती ईसीयूला कळवणाऱ्या कॅम अँगल सेन्सरचा बोल्ट घट्ट आहे, वायरिंगही तपासलंय. मग त्या सेन्सरच्या ट्रिगर सिग्नलची एज (सिग्नल चढताना धरायचा की उतरताना) उलटी निवडली गेलीय, की लेटन्सीचा (सिग्नल ते ठिणगी यातल्या उशिराचा) आकडा चुकतोय? हे सुटेपर्यंत इंजिनावर लोड द्यायला मन धजत नाही.

आणि हो, मूळ थ्रॉटल सेन्सर नुसता स्विच आहे. तो बदलावाच लागेल, की मॅप सेन्सरवर भागेल?