मदत हवी आहे: बॅकनेट राऊटर बसवल्यापासून ओटीचं तापमान स्क्रीनवर भलतंच दिसतंय

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मेंटेनन्स बघतो. इलेक्ट्रिकल आणि एसीचं काम आधीपासून होतं, आता बीएमएस (बिल्डिंगची यंत्रणा कॉम्प्युटरवरून बघायची सिस्टिम) पण माझ्याकडेच आलंय. इथे बिल्डिंग ऑटोमेशनमधलं कुणी असेल तर प्लीज शेवटपर्यंत वाचा, लांब झालंय पण अर्धवट लिहिलं तर कुणाला काही सांगताच येणार नाही.

आमच्याकडे जुना मेन कंट्रोलर होता, त्याला दोन एमएसटीपी ट्रंक होत्या, म्हणजे एकाच वायरवर ओळीने जोडलेले कंट्रोलर. पहिली ट्रंक ओटी आणि आयसीयूच्या एएचयूंची (हवा थंड करून आत सोडणारी मोठी युनिट), त्यावर १४ कंट्रोलर, पत्ते १ ते १४. दुसरी वॉर्डांच्या एफसीयूंची (खोलीतली छोटी एसी युनिट), त्यावर जुने ३० कंट्रोलर, पत्ते १ ते ३०, आणि यंदा नवीन वॉर्ड झाला तिथले आठ, त्यांना ४० ते ४७ पत्ते दिलेत. दोन्ही ट्रंक ३८४०० बॉडवर चालतात. तो जुना कंट्रोलर गेला, स्पेअर मिळत नाही, म्हणून एका एजन्सीकडून प्रत्येक ट्रंकला एक असे दोन बॅकनेट (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती भाषा) राऊटर बसवून घेतले, म्हणजे एका बाजूला आरएस-४८५ ची वायर आणि दुसऱ्या बाजूला इथरनेट. त्यांनी राऊटर डिन रेलवर लावले, पॉवर दिली, लाइट लुकलुकायला लागले आणि बाकी सगळं आयटीचं काम आहे म्हणून निघून गेले.

सेटिंग अशी आहे. पहिला राऊटर १९२.१६८.४०.११, दुसरा १९२.१६८.४०.१२, मास्क २५५.२५५.२५५.०, यूडीपी पोर्ट ४७८०८. दोन्हीच्या वेब पेजवर आयपी नेटवर्क नंबर १ आणि एमएसटीपी नेटवर्क नंबर २००१ दिसतो. दोघांचा एमएसटीपी पत्ता ०, मॅक्स मास्टर (कितव्या पत्त्यापर्यंत कंट्रोलर शोधायचे तो आकडा) १२७, मॅक्स इन्फो फ्रेम्स १. प्लँट रूममधला ऑपरेटरचा पीसी याच व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या याच भागात आहे. बीएमएसचा सर्व्हर मात्र आयटीच्या सर्व्हर रूममध्ये १९२.१६८.१०.२५ वर आहे.

आता त्रास काय ते सांगतो. प्लँट रूमच्या पीसीवर ओटी-२ चं तापमान मधेच २७ दाखवतं, आत जाऊन थर्मामीटर बघितला तर २१, थोड्या वेळाने स्क्रीनवर आपोआप २१ येतं आणि परत २७. दुसऱ्या राऊटरची इथरनेट केबल काढली की ओटीचं सगळं बरोबर दिसतं पण मग वॉर्ड गायब. सर्व्हरवर तर एकही डिव्हाइस दिसत नाही, पिंग मात्र दोन्ही राऊटरना व्यवस्थित जातो. आणि नवीन वॉर्डाचे आठ कंट्रोलर कुठूनच दिसत नाहीत.

मला सगळ्यात जास्त काळजी ओटीची आहे. एनएबीएच (हॉस्पिटलना मान्यता देणारी संस्था) प्रमाणे ओटी २१ च्या आसपास, तीन अंश इकडेतिकडे, एवढ्यात ठेवायची असते आणि आमच्या सिस्टर त्या स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवून नोंद करतात. राऊटर खराब आहेत का? सेन्सर बदलू का? की वायरिंगच परत ओढायला लागेल? वायरिंगचं म्हणाल तर ट्रस्टकडे पैसे मागायला जायच्या आधी मला नक्की कारण माहीत असायला हवं.

प्रतिसाद

दादा, मी दुबईत बीएमएस कमिशनिंगलाच आहे. आधी तातडीचं सांगतो. हे सुटेपर्यंत स्क्रीनवरून ओटीच्या एएचयूला एकही सेटपॉइंट पाठवू नका आणि कुणाला पाठवू देऊ नका. एएचयूचा कंट्रोल लूप त्याच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्ये चालतो, वरचं नेटवर्क नसलं तरी तो आपलं काम करत राहतो, म्हणून आत २१ आहे. सिस्टरना सांगा की सध्या नोंद आतल्या थर्मामीटरवरून घ्या.

सेन्सरला हात लावू नका, तो चांगला आहे. राऊटर पण चांगले असणार. तुमचं दुखणं त्या २००१ मध्ये आहे. बॅकनेटमध्ये प्रत्येक नेटवर्कला स्वतःचा नंबर लागतो, १ ते ६५५३४ मधला कुठलाही, पण पूर्ण सिस्टिममध्ये तो परत यायला नको. तुमच्या दोन्ही ट्रंक २००१ आहेत. आता पीसीला समजा २००१ वरच्या ५ नंबरला विचारायचंय, तर तो आधी नेटवर्कवर विचारतो की २००१ ला जायचा रस्ता कुणाकडे आहे, आणि दोन्ही राऊटर म्हणतात माझ्याकडे. पीसीने ज्याचं धरलं तिकडे प्रश्न जातो. ५ नंबर दोन्ही ट्रंकवर आहे, त्यामुळे उत्तर कुणाचं तरी येतंच, एरर येत नाही. तुमचं २७ हे कुठल्यातरी वॉर्डातल्या खोलीचं तापमान आहे. म्हणूनच म्हणतो सेटपॉइंट पाठवू नका, तो पण असाच भलत्या खोलीत जाईल.

तर दुसऱ्या राऊटरचा एमएसटीपी नेटवर्क नंबर २००२ करा. आयपी नेटवर्क नंबर १ दोन्हीकडे आहे तो तसाच ठेवा, ते दोघं एकाच आयपी नेटवर्कवर आहेत म्हणून तो सारखाच असायला पाहिजे, बरेच जण घाईत तो पण वेगळा करून ठेवतात आणि मग नवीनच तमाशा होतो. राऊटरचा एमएसटीपी पत्ता दोन्हीकडे ० आहे ते चालतं, ट्रंक वेगळ्या आहेत. नंबर बदलल्यावर दोन्ही राऊटर रीस्टार्ट करा आणि पीसीच्या सॉफ्टवेअरमधून जुनी डिव्हाइस यादी काढून नव्याने डिस्कव्हर करा, नाहीतर ते जुनेच पत्ते धरून बसतं.

आणि हो, डिव्हाइस इन्स्टन्स नंबर, म्हणजे प्रत्येक कंट्रोलरचा ओळख नंबर, तपासा. बऱ्याच कंट्रोलरमध्ये तो पत्त्यावरूनच आपोआप ठरतो, म्हणजे ओटीचा ५ आणि वॉर्डाचा ५ दोघांचा इन्स्टन्स सारखा निघू शकतो. तो पण पूर्ण सिस्टिममध्ये एकदाच यायला हवा, ० ते ४१९४३०२ एवढी जागा आहे. आमच्याकडे नेटवर्क नंबर आणि पुढे तीन आकडी पत्ता असं देतात, म्हणजे २००१ वरचा ५ झाला २००१००५. नंबर वाचला की कुठल्या ट्रंकवरचा कितवा ते लगेच कळतं. याबे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लॅपटॉपवर टाका, त्यात सगळे इन्स्टन्स एका नजरेत दिसतात.

प्रतिसाद

वरचं अगदी बरोबर. मी नेटवर्किंगवाला आहे म्हणून सर्व्हरचं सांगतो. पिंग जातो म्हणून रस्ता आहे, पण बॅकनेट डिव्हाइस शोधतं ते ब्रॉडकास्टने. हू-इज असा पुकारा करायचा आणि ज्याने त्याने आय-ॲम म्हणायचं. ब्रॉडकास्ट सबनेटच्या बाहेर जात नाही. एका गावात दवंडी पिटली तर शेजारच्या गावात ऐकू जात नाही, तिथपर्यंत निरोप पोचवायला कुणीतरी माणूस लागतो, तसं आहे हे. बॅकनेटमध्ये त्या माणसाला बीबीएमडी म्हणतात.

तुमच्या राऊटरमध्येच बीबीएमडीचं सेटिंग असण्याची शक्यता खूप आहे. पहिल्या राऊटरवर ते चालू करा, दुसऱ्यावर बंदच ठेवा, एका सबनेटमध्ये एकच बीबीएमडी. दोन ठेवले तर एकच निरोप दोनदा फिरतो. मग सर्व्हरच्या बॅकनेट सेटिंगमध्ये त्याला फॉरेन डिव्हाइस (दुसऱ्या सबनेटमधून बीबीएमडीकडे नाव नोंदवणारं) करा, बीबीएमडीचा पत्ता १९२.१६८.४०.११, पोर्ट ४७८०८. सोबत टाइम टू लिव्ह विचारेल, तेवढ्या सेकंदांत सर्व्हरने परत रजिस्टर केलं नाही तर बीबीएमडी त्याला यादीतून काढतो. काही मिनिटांचा आकडा द्या.

आयटीला सांगताना एक गोष्ट नीट सांगा. यूडीपी ४७८०८ दोन्ही दिशांनी उघडा आणि दोन्ही राऊटरसाठी उघडा. पुष्कळ ठिकाणी फक्त बीबीएमडीच्या पत्त्याला परवानगी देतात. मग होतं काय, दुसऱ्या राऊटरमागची डिव्हाइस यादीत नावाने दिसतात कारण आय-ॲम बीबीएमडीमार्फत आलेला असतो, पण व्हॅल्यू वाचताना सर्व्हर थेट .१२ ला विचारतो आणि ते फायरवॉल अडवते. सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसतात आणि माणूस वायरिंग शोधत बसतो.

धागाकर्ता

खूप खूप आभार दोघांचे. काल रात्री ओपीडी बंद झाल्यावर २००२ केलं, यादी काढून परत डिस्कव्हर केलं. ओटी-२ आता स्क्रीनवर आणि आत सारखंच दाखवतंय, सकाळपर्यंत बघत होतो, एकदाही उडी मारली नाही. इन्स्टन्स पण बघितले, तुम्ही म्हणालात तेच निघालं, १ ते १४ दोन्हीकडे होते. सगळे त्या सात आकडी पद्धतीने बदलतोय.

आयटीवाल्या मॅडमना पोर्टचं सांगितलं, त्या चांगल्या आहेत, लगेच करून देते म्हणाल्या. पण त्यांनी विचारलं की एजन्सीने रिमोट सपोर्टसाठी हेच पोर्ट इंटरनेटवरून पण उघडायला सांगितलंय, ते करू का? आणि नवीन वॉर्डाचे आठ अजूनही नाहीत. राऊटरमध्ये मॅक्स मास्टर १२७ आहे म्हणजे ४७ पर्यंत दिसायला पाहिजेत ना? शिवाय वॉर्डाची स्क्रीन फारच हळू उघडते.

प्रतिसाद

परत दुबईहून. इंटरनेटवर ४७८०८ अजिबात नको. बॅकनेट आयपीमध्ये पासवर्ड वगैरे काही नसतो, ज्याला पत्ता सापडला तो तुमच्या ओटीचा पंखा बंद करू शकतो. एजन्सीला व्हीपीएन द्या, तेही लागेल तेव्हा चालू करून. बॅकनेट सिक्युअर कनेक्ट म्हणून टीएलएसवर (सगळं एन्क्रिप्ट करून) चालणारा प्रकार २०१९ मध्ये स्टँडर्डमध्ये आलाय, पण तुमचे हे राऊटर आणि सॉफ्टवेअर दोन्ही तसे पाहिजेत, आत्ता त्यात पडू नका.

आता ते आठ. एमएसटीपीवर टोकन फिरतं, ज्याच्या हातात टोकन तोच बोलतो. नवीन कुणी आलाय का हे प्रत्येक कंट्रोलर फक्त स्वतःच्या आणि आपल्या पुढच्याच्या मधल्या पत्त्यांत शोधतो. राऊटर ० आहे, त्याचा पुढचा १, मधे जागाच नाही, म्हणून त्याच्या १२७ चा इथे काहीच उपयोग नाही. ३१ पासून पुढे शोधायचं काम ३० नंबरवाल्याचं आहे. त्याच्या डिव्हाइस ऑब्जेक्टमध्ये मॅक्स मास्टर प्रॉपर्टी बघा, ती ३० किंवा ३१ असणार असा माझा अंदाज. जुन्या कमिशनिंगवाल्यांनी नेटवर्क जलद चालावं म्हणून तेवढीच ठेवलेली असते, तेव्हा ते योग्यच होतं. याबेमधून ती ४७ किंवा थोडी जास्त करा. उद्या ३० नंबर बंद पडला तर शोधायचं काम २९ वर येतं, म्हणून सगळ्यांची सारखी करून टाका. नाहीतर सरळ त्या आठांना ३१ ते ३८ द्या आणि मॅक्स मास्टर ३८ च्या वर न्या. मला हे जास्त आवडेल, मधे रिकामे पत्ते असले की जे नाहीतच त्यांना हाका मारण्यात वेळ जातो.

हळू चालतंय ते मॅक्स इन्फो फ्रेम्स १ मुळे. राऊटरच्या हातात टोकन आलं की तो एकच निरोप पाठवतो आणि पुढे देतो, मग पूर्ण फेरी होईपर्यंत थांबतो, आणि वॉर्डाच्या सगळ्यांसाठी निरोप त्याच्याकडूनच जाणार. राऊटरमध्ये तो २० वगैरे करा. कंट्रोलरचा १ राहू द्या.

एवढं करूनही आठ आले नाहीत तर मग वायर बघा. ट्रंकची पॉवर सगळीकडची बंद करून प्लस आणि मायनसमध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असला की साधारण ६० यायला पाहिजे. १२० च्या आसपास आलं तर एकच टोक टर्मिनेट आहे, ४० आलं तर कुणीतरी मधे तिसरा लावलाय. नवीन वॉर्ड जोडताना जुन्या टोकाचा रेझिस्टर तसाच राहिला असेल असं खूपदा होतं. आणि सिलिंगमध्ये टी मारून फांदी काढली असेल तर ती मोडा, एकातून दुसऱ्यात अशी एकच सरळ लाइन पाहिजे, शील्ड एकाच टोकाला अर्थ.

धागाकर्ता

३० नंबरचा मॅक्स मास्टर ३१ होता! सगळ्यांचा ५० केला, आठपैकी सहा लगेच ऑनलाइन आले, ४६ आणि ४७ येतात आणि जातात. ओहम मोजले, ४१ आले. म्हणजे जुन्या टोकाचा रेझिस्टर अजून आत आहे, तो जनरल वॉर्डाच्या सिलिंगमध्ये ३० नंबरच्या बॉक्समध्ये असणार, तिथे पेशंट आहेत म्हणून रविवारी बेड हलवून उघडायला परवानगी घेतलीये. सर्व्हर पण दिसायला लागलाय, दोन्ही राऊटरमागचं सगळं वाचतोय. नवीन वायरिंगचा खर्च टळला हे ट्रस्टींना सांगताना खरंच बरं वाटलं, तेवढ्या पैशात आयसीयूचे फिल्टर येतील.

एकच शेवटचं. राऊटर उद्या जळला तर हे सगळं परत कुणी करायचं, मी सुट्टीवर असलो तर?

प्रतिसाद

राऊटरच्या वेब पेजवर बॅकअपची सोय असेल तर फाइल काढून सर्व्हरवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा. नसेल तर प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट. आणि एका कागदावर नेटवर्क नंबर, आयपी, बॉड, मॅक्स मास्टर, बीबीएमडी कुठल्या राऊटरवर, प्रत्येक पत्त्याचा कंट्रोलर कुठल्या खोलीत, टर्मिनेशन कुठल्या दोन बॉक्समध्ये, हे छापून पॅनलच्या दाराला आतून लावा. पासवर्ड त्या कागदावर नको, तो आयटीच्या मॅडमकडे पाकिटात. आणि राऊटरची २४ व्होल्टची पॉवर कुठून घेतलीये ते बघा, एएचयू कंट्रोलरच्याच ट्रान्सफॉर्मरवरून घेतली असेल तर वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा. हाफ वेव्ह आणि फुल वेव्ह सप्लायची उपकरणं एकाच ट्रान्सफॉर्मरवर आली की शॉर्ट होऊन दोन्ही जातात, आणि तुमच्या केसमध्ये दुसरं उपकरण ओटीचं आहे.