आई डॉक्टरांकडे यायला तयार नाही, मदत हवी आहे

माझी आई ७६ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून हळूहळू मिटत चालली आहे. रडत नाही, तक्रार करत नाही, म्हणून बाकीच्यांना ‘वय झालं की असंच होतं’ एवढंच वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. शब्दकोडं थेट पेनने सोडवणारी बाई आता पेपरचं एकच पान तासभर धरून बसते. पहाटे तीनलाच जाग येते. काही विचारलं की लगेच ‘नाही आठवत’, आठवायचा प्रयत्नसुद्धा नाही.

उतारवयातलं नैराश्य कधीकधी स्मृतिभ्रंशासारखं दिसतं, असं आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले. थायरॉइड आणि बी-१२ ठीक आहेत. कान तपासायचे राहिलेत; ऐकू कमी आलं की माणूस आपोआप गप्प होतो. वृद्धांमधलं नैराश्य चाचपायची ‘हो-नाही’ उत्तरांची १५ प्रश्नांची जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलही भरून घ्यायची आहे, पण घोडं तिथेच अडलंय. मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं की ‘मला वेड नाही लागलेलं’ म्हणून उठून जाते.

तुमच्या घरच्यांना पहिल्या भेटीसाठी कसं तयार केलंत? झोपेची तक्रार खरीच आहे, तेवढंच सांगून नेलं तर चालेल का? (धडधडीत खोटं बोलून न्यायचं नाही, विश्वासच उडेल.) नैराश्याच्या काही गोळ्यांनी वृद्धांमध्ये सोडियम कमी होऊ शकतं, तर ती तपासणी तुमच्या डॉक्टरांनी कधी करायला सांगितली? आणि व्हिडिओ कॉलवरचं समुपदेशन कमी ऐकू येणाऱ्यांना जमतं का?

‘मन रमवा’ हा सल्ला कृपया नको, ते सगळं करून झालंय.